माझी जीप लढाईला गेलीच नव्हती

महाराष्ट्रात आज जेवढ्या म्हणून जुन्या जीपगाड्या चालत्या आहेत, त्या सगळ्या दुसऱ्या महायुद्धात लढून आलेल्या आहेत. निदान त्यांच्या मालकांचं म्हणणं तरी तसं आहे. रविवारी सकाळी पुण्याबाहेरच्या एखाद्या हॉटेलाच्या आवारात जुने जीपवाले मिसळ खायला जमले, की तिथे ब्रह्मदेशाची आघाडी उघडते. बॉनेटवर पांढरा तारा, मागे पेट्रोलचा डबा, बाजूला पट्ट्याने आवळलेलं फावडं. ते फावडं जन्मात मातीत गेलेलं नसतं. एक मालक तर्रीचा भुरका मारून सांगतो, "ही इंफाळला होती." दुसरा लगेच म्हणतो, "आपली कोहिमाला." तिसरा जरा उशिरा आलेला असतो, त्यामुळे त्याच्या गाडीला उत्तर आफ्रिकेत जावं लागतं.

मी अशा वेळी बोलत नाही. समोरच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजतो. 1941 ते 1945 या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून साडेसहा लाखांच्या आसपास जीप बनवल्या. अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या, तर त्यांच्या तोंडाला दाबून काढलेल्या पत्र्याची जाळी असे आणि तिला फटी नऊ. लढाई संपल्यावर शेतकऱ्याला विकायला काढलेल्या जीपला फटी सात. नऊ म्हणजे लढाई, सात म्हणजे शेती, इतका साधा हिशेब. त्यातून बॉनेट उंच असेल तर मोजायचेही कष्ट नकोत. ती सीजे-थ्री-बी. तिच्या हरिकेन इंजिनात पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेऊन बसवले, इंजिन उंच झालं आणि ते झाकायला बॉनेटही उचलावं लागलं. अमेरिकेत ही गाडी 1953 साली निघाली आणि आपल्याकडे महिंद्राने ती पुढे कित्येक वर्षं बनवली. 1953 साली जन्मलेली गाडी 1944 साली इंफाळला लढत होती हे ऐकलं, की मी एक पाव जास्तीचा मागवतो.

माझ्याही जीपचं बॉनेट उंच आहे. ती मला फलटणकडच्या एका वस्तीवर मिळाली, तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. सौदा ठरला, विसार दिला, आणि गाडी हलवायची म्हणताना लक्षात आलं की ड्रायव्हरच्या सीटखाली एक कोंबडी अंड्यांवर बसली आहे. मालक म्हणाला, उचलतो तिला. पण त्याची आई ओसरीवरून म्हणाली, "तिचं होऊ दे रं बाबा. इतकी वर्षं उभी हाय गाडी, आनखी एकवीस दिवसांत कुटं पळती का?" तेव्हा कोंबडीचे दिवस भरेपर्यंत थांबलो. मग ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन करत गाडी डांबरीपर्यंत आणली. टोचनात मागच्या गाडीत बसायचं काम वाटतं तितकं आरामाचं नसतं. गाडीला ब्रेक नव्हते, ट्रॅक्टरवाल्याला मागे बघायची सवय नव्हती, आणि एक पिल्लू चुकून राहिलेलं होतं ते माझ्या पायांत फिरत होतं.

तिथून गाडी गॅरेजात गेली. तिथल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि आत वाकून बराच वेळ हसले. आत मूळचं हरिकेन इंजिन नव्हतंच. तिथे ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसलेलं होतं. तसं यात अघटित काही नाही. खुद्द महिंद्रानेही इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलेलं होतं. पेट्रोल महागलं तसं कित्येक पेट्रोल जीपवाल्यांनी तोच मार्ग धरला. चालू केली की गाडी आधी स्वतः हलते आणि नंतर पुढे जाते, एवढाच फरक. मिस्त्री म्हणाले, "साहेब, ओरिजनल करायची का चालवायची?" जुन्या गाड्यांच्या धंद्यातला हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे आणि तो सहसा कुणी विचारत नाही. मी म्हटलं, चालवायची. मग त्यांनी इंजिन ठेवलं आणि बाकी सगळं काढलं.

सुट्या भागांसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊ लागलो. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि तिथे जीपचा भाग 'जीपचा भाग' म्हणून मागायचा नसतो. मागितला की भाव दुप्पट. आधी एखादी मोडकी इस्त्री हातात घ्यायची, तिची चौकशी करायची, आणि उठता उठता म्हणायचं, "हा काय गंज चढलेला गोळा आहे?" तो गोळा म्हणजे पुढच्या ॲक्सलचा भाग आहे हे दोघांनाही माहीत असतं. पण रीत पाळली की गिऱ्हाइकाला मान मिळतो. जे इथे मिळत नाही ते हरियाणातल्या डबवालीहून येतं. तिथे जुन्या जीप नव्याने बांधून देणारी गॅरेजं रांगेने आहेत. म्हणजे जुनी जीप तिथे नवीनही मिळते. हे कसं, ते विचारायचं नाही.

रंग खरवडायचं काम मी स्वतःकडे घेतलं, कारण मिस्त्रींच्या मते त्याला डोकं लागत नव्हतं. खरं तर सगळ्या कामातला हाच भाग सुखाचा. सांगतात की 1940 साली अमेरिकी लष्कराने जीपच्या वजनावर मर्यादा घातली, तेव्हा ती गाठायला विलीजच्या इंजिनिअरांनी खिळ्यामोळ्यांपासून सगळं कातरत आणलं आणि शेवटी रंगही एकच हात दिला. माझ्या जीपवरचा नुसता रंग काढून तोलला असता तर ती त्या परीक्षेत तिथल्या तिथे नापास झाली असती. सर्वांत वर हिरवा होता, कुंचल्याने मारलेला. कोंबड्यांच्या आधीच्या कुणा मालकालाही लढाईची हौस असावी. त्याखाली पांढरा. पांढऱ्यावर मागच्या फळीला देवीचं नाव आणि आतल्या बाजूला 'सुटे पैसे द्यावेत'. म्हणजे वडाप. नऊ माणसांच्या जागेत सतरा माणसं आणि दोन शेळ्या वाहून नेणारी ती सेवा. त्याखाली एक पिवळट थर आणि दारालगत एका निवडणूक चिन्हाचा शेपटाकडचा भाग. चिन्ह कोणतं ते सांगत नाही, आमच्या घरात दोन पक्ष आहेत. आणि त्याच्याही खाली, पत्र्याला चिकटून बसलेला करडा. करड्या रंगावर डाव्या बाजूला काहीतरी लाल लागलं. जपून खरवडत गेलो तसा आधी एक कोपरा निघाला, मग दुसरा, मग खाली आलेलं टोक. उलटा लाल त्रिकोण.

चाळिशीच्या आतल्या वाचकांसाठी सांगतो, हे कुटुंब नियोजनाचं चिन्ह. एके काळी ते भिंतींवर, एसटीच्या पाठीवर, काड्यापेट्यांवर, कुठेही असायचं.

मिस्त्रींचे सासरे आरोग्य खात्यात ड्रायव्हर होते. त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. म्हातारे गाडीभोवती एक फेरी मारून आले, त्रिकोणावर बोट ठेवलं आणि जावयाला म्हणाले, "ही आपल्या खात्यातली लेक हाय." ही नेमकी त्यांनी चालवलेली होती असं काही ते म्हणाले नाहीत, पण अशाच एका जीपवर त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. मागे जनरेटर, प्रोजेक्टर आणि घडी घातलेला पडदा. संध्याकाळी गावात पोचायचं, चावडीपुढे पडदा लावायचा, आधी एखादा गमतीचा सिनेमा लावायचा आणि माणसं जमली की मधेच रीळ बदलून छोट्या कुटुंबाचे फायदे दाखवायचे. रीळ बदललं की पहिल्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावायच्या आणि मागच्या रांगेतले बाप्ये विडी ओढायला म्हणून निघून जायचे ते परत यायचे नाहीत. पावसाळ्यात वाडीवस्तीवर गाडी रुतली की फ्रंट लावून, म्हणजे पुढची चाकंही जोडून, काढायची. लोक म्हणायचे, या जीपबाईला सिनेमा दाखवायची फारच घाई.

मग आणीबाणी आली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 1976 साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पण वाडीवस्तीवर विधेयक आणि कायदा यांतला फरक कुणाला समजावून सांगणार? म्हातारे म्हणाले, "तवा जीपचा आवाज आला की गावातले गडी उसात. आमी चहा प्यायला थांबायचो, पर चहा द्यायलाबी कोन नसायचं." हे सांगताना ते हसत नव्हते आणि मीही हसलो नाही. घरी येताना मात्र मनात आलं, की कोहिमावाल्या कुणाही जीपवाल्याला विचारावं, एकही गोळी न झाडता अख्खं गाव रिकामं केल्याची नोंद तुमच्या गाडीच्या नावावर आहे का?

त्या दिवसापासून मला सैनिकी जीपचं अप्रूप जरा कमी वाटायला लागलं. आपल्याकडच्या जीपचा इतिहास मुळात लढाईचा नाहीच. 1945 साली महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी काढली, पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. पाटीवर 'अँड' शिल्लक राहिला, म्हणून दुसराही महिंद्राच लिहिला, असा माझा तर्क आहे. खरं कारण कागदाच्या छापील गठ्ठ्यांत आणि आद्याक्षरांत असणार. 1949 साली मुंबईत माझगावात जीपची जुळवणी सुरू झाली. त्या जीप मग धरणांवर गेल्या, कालव्यांवर गेल्या, देवीच्या लशी घेऊन पाड्यांवर गेल्या. 1972च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हजारो माणसांनी धुरळा उडवत येणारी जीप पाहिली असेल आणि तिच्यातून उतरणाऱ्या ओव्हरसिअरला मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील. साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची जीप बांधावर थांबली की आपल्या उसाला तोड कधी मिळणार हे शेतकरी तिच्या थांबण्याच्या ढंगावरून ओळखायचा. यातल्या एकाही जीपचं स्मारक नाही.

आणि ही कामं अजून संपलेलीही नाहीत. गोव्यात कुळ्याला जा. दूधसागरकडे नेणाऱ्या जीप गुडघाभर ओहोळातून पर्यटकांच्या किंकाळ्यांसकट पार होतात आणि ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरून पुढच्या खेपेचं बोलत असतो. आपले ट्रेकर दार्जिलिंगकडे संदकफूला जातात, त्यांनी वाटेवरच्या मानेभंज्यांगच्या लँड रोव्हर पाहिल्या असतील. 1950च्या दशकातल्या गाड्या, आणि 3636 मीटर उंचीवर माणसं आणि सामान चढवतात. तिथल्या कुणीही मला गाडी कोणत्या आघाडीवर होती ते सांगितलं नाही. बटाट्याचं पोतं कुठे ठेवलंय तेवढं सांगितलं, त्याच्यावर बसू नका म्हणून.

तर प्रश्न असा पडला, की माझी जीप पूर्ववत करायची म्हणजे कोणत्या पूर्वीसारखी? प्रचाराची की वडापाची? देवीचं नाव ठेवायचं का? ते पुसायला पेंटर तयार होईना. मित्रमंडळी एकमुखाने म्हणाली, आर्मी ग्रीन मार, तारा काढ, विषय संपला. आमच्या शेजारी निवृत्त सुभेदार राहतात, त्यांच्याकडे लिलावातून घेतलेली जोंगा आहे. जोंगा म्हणजे निसानच्या नमुन्यावर जबलपूरच्या लष्करी कारखान्यांत बनलेली गाडी. जवळजवळ चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ती गल्लीतून बाहेर पडली की पंपावरचा मुलगा न सांगता मीटर शून्यावर आणतो. अशा माणसाचा कल हिरव्याकडे असणार असं मी धरून चाललो होतो. पण सुभेदारसाहेब गंभीर झाले.

"साहेब, ओजी मारायचा नाही."

"का?"

"तो रंग फौजेचा आहे. सिव्हिलियनला मनाई आहे."

आणि ते खरं निघालं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989. त्यातला नियम 121 सांगतो, की संरक्षण खात्याखेरीज इतर कुणाचंही वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगाचं असता कामा नये. खुद्द सुभेदारसाहेबांनी आपली जोंगा घेतल्यावर पहिल्यांदा तिचा रंग बदलून निळा करून घेतला होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मिसळीच्या आवारातल्या गाड्यांचे रंग इतके चित्रविचित्र का असतात. कुणी म्हणतो हा शेवाळी आहे. कुणी म्हणतो कैरीचा, पण पिकायला आलेल्या. एकाने पेंटरकडून लेखी घेतलं आहे की हा करडाच आहे, फक्त उन्हात हिरवा दिसतो. देशासाठी लढून आलेल्या एवढ्या सगळ्या गाड्या वाहतूक पोलीस दिसला की झाडाच्या सावलीला का उभ्या राहतात, त्याचाही उलगडा झाला.

घरात रोज नवा रंग निघायला लागला. बायको म्हणाली, "अहो, हॉलच्या भिंतींचा रंग विचारला तेव्हा तुम्ही पेपरातून मान वर न काढता 'कुठलाही दे' म्हणाला होतात."

निकाल अखेर आरटीओत लागला. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी नव्याने करायची तर ती तपासणीला न्यावी लागते. तिथले इन्स्पेक्टर तरुण होते. त्यांनी पुठ्ठ्याच्या बांधणीचं ते जुनं पुस्तक उघडलं. पान उलटताना कागदाचा पापुद्रा भाकरीसारखा सुटून आला. इंजिन बदलल्याची नोंद सापडली, लिलावाची सापडली. मग बोट एका रकान्यावर थांबलं. "रंग ग्रे लिहिलाय."

मी त्यांना वडाप, निवडणूक वगैरे सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, पुस्तकात ग्रे आहे ना? मग ग्रे करून आणा." इतके दिवस ज्यावर मी वाद, वाचन आणि चिंतन करत होतो ते तत्त्वज्ञान एका रकान्यात बसलं. गाडी करडी झाली. त्रिकोण पेंटरने मोजून, सुतळी लावून, जुन्याच जागी काढला. देवीचं नाव मागच्या फळीच्या आतल्या बाजूला ठेवलं आहे. ते बाहेरून दिसत नाही, तिला दिसतं.

आता ती चालते. जीप चालवणं हे नव्या गाड्यांवर शिकलेल्यांना पहिल्यांदा काम वाटतं, आणि ते कामच आहे. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणजे गाडी हलत असताना तो हवा असेल तर क्लच दोनदा दाबून, मधे ॲक्सिलरेटरचा एक झटका देऊन इंजिनाची मनधरणी करावी लागते. जमलं तर काहीच आवाज येत नाही. नाही जमलं तर रस्त्यावरची म्हैस वळून बघते. स्टिअरिंगला मोकळीक बरीच असल्याने वळण येण्याच्या जरा आधी वळायचा विचार सुरू करावा लागतो. ताशी साठच्या पुढे गाडीतला प्रत्येक नट आपलं मत मांडतो, म्हणून आम्ही पंचेचाळीसला जातो आणि मधल्या काळात बायकोशी बोलणं होतं. ओरडून, पण होतं.

मुख्य गिअरशेजारचे दोन छोटे दांडे ही तिची खरी श्रीमंती. एकाने पुढची चाकं जोडायची, दुसऱ्याने लो लावायचा. लोमध्ये वेग सुमारे अडीचपट उतरतो आणि जोर तेवढाच चढतो. मग इंजिन हळू आवाजात पुटपुटत राहतं आणि गाडी दगडांवरून अशी चालते की क्लचवर पायही ठेवावा लागत नाही. पण पुढच्या-मागच्या चाकांमध्ये तिला मधला डिफरन्शियल नाही. चिखलातून डांबरीवर आल्यावर फ्रंट काढायला विसरलं, तर वळणावर पुढची चाकं एक अंतर मागतात, मागची दुसरं, आणि हा तंटा मधल्या दांड्यांत साठत जातो. स्टिअरिंग घट्ट होतं, फ्रंटचा दांडा काही केल्या निघत नाही. उपाय एकच. चार हात मागे घ्यायची. कट्कन आवाज येतो, दांडा मोकळा. मिस्त्रींच्या सासऱ्यांनी हा उपाय मला सांगितला तेव्हा पुढे जोडलं, "सायबांस्नी सांगून उपेग न्हाई. त्यास्नी रिव्हर्स जमत न्हाई." कोणत्या सायबांबद्दल ते मी विचारलं नाही.

परवा श्रावणात ताम्हिणीकडे गेलो होतो. मुख्य रस्त्यावरून खाली एका वाडीकडे जाणारी लाल मातीची वाट आहे, तिथे एक नवीकोरी, चकचकीत फोर बाय फोर दोन्ही उजव्या चाकांनी चरात बसली होती. आत पडद्यावर रस्त्याचा नकाशा, चाकांचा दाब, चढाचा कोन, सगळं दिसत होतं. फक्त गाडी निघत नव्हती. तिच्याभोवती एक तरुण जोडपं, दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि चार मुलं उभी होती, त्यातलं धाकटं कडेवर. मी फ्रंट लावलं, लो टाकला, दोर बांधला. माझ्या जीपने जरा काळा धूर सोडला, थरथरली आणि सावकाश, कुठेही झटका न देता त्या गाडीला वर ओढून घेतलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तरुण दोर सोडून देताना जीपकडे कौतुकाने बघत राहिला. बॉनेटवरून हात फिरवला.

"काय दणकट आहे! काका, ही कुठल्या लढाईतली? दुसऱ्या महायुद्धातली का?"

"नाही," मी म्हटलं. "कुटुंब नियोजनातली."

त्याने त्रिकोणाकडे पाहिलं, मग आपल्या चार मुलांकडे. त्याच्या सासऱ्यांना मात्र एकदम हसू आलं. ते म्हणाले, "अहो, ओळखली मी! लहानपणी हिचा आवाज आला की आमचे वडील उसात."